काडतुसाचं पितळ

दिवेआगरला पाहुणे आले की समुद्र आणि गणपती झाल्यावर तिसरा बेत जंजिऱ्याचा ठरतो. दिघीपर्यंत गाडीने जायचं, तिथून होडीने किल्ल्यात. कलाल बांगडी तोफेजवळ उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, या तोफांचा काळ संपला तो नेमका कशाने?

उत्तर मोठ्या तोफांत शोधायची आपली सवय असते. क्रुप, आर्मस्ट्राँग ही एकोणिसाव्या शतकातल्या तोफा-कारखानदारांची नावं पुस्तकांत भेटतात, आणि त्यांचं महत्त्व खरंच मोठं आहे. पण मला विचाराल तर उत्तराचा बराच भाग बोटाएवढ्या एका पितळी नळीत आहे. तिला आपण काडतूस म्हणतो. ती बनवणारा कारखानाही फार लांब नाही. घाट चढून पुण्याजवळ गेलं की खडकीला तो १८६९ पासून उभा आहे.

खडकी हे नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तिथल्या माळावर बापू गोखल्यांची फौज इंग्रजांना भिडली, आणि तिथून पेशवाईचा शेवट सुरू झाला. ज्या भट घराण्याकडे ती पेशवाई होती, ते मूळचं आमच्या शेजारच्या श्रीवर्धनचं. बावन्न वर्षांनी त्याच खडकीत इंग्रजांनी काडतुसांचा कारखाना काढला. १८६३ साली बोरघाटातली रेल्वे पूर्ण झाली होती, त्यामुळे विलायतेहून बोटीने आलेलं यंत्र मुंबई बंदरातून रुळांवरून थेट वर नेता येत होतं.

या नळीचं महत्त्व कळायला आधी ठासणीची बंदूक डोळ्यांसमोर आणावी लागेल. तिच्या नळीचं मागचं टोक बंद असे. शिपाई कागदाची पुडी दातांनी फाडायचा, तिच्यातली दारू नळीच्या तोंडातून आत ओतायचा, वर गोळी ठेवून लांब गजाने ठासायचा. मग मागच्या बोंडीवर स्फोटक टोपी बसवायची, घोडा ओढायचा, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. चांगला सरावलेला शिपाई हे सगळं मिनिटाला दोन-तीनदा करी. गज चालवायचा तर उभं राहणं जवळजवळ भागच असे. पाऊस आला की कागद भिजे आणि दारूचा चिखल होई.

इथे वाचकांचा एक गोंधळ नेहमी होतो. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसाला शिपायांनी हात लावायला नकार दिला, ते हे पितळेचं काडतूस नव्हतं. ती वर सांगितलेली कागदी पुडीच होती, एन्फिल्ड बंदुकीची, चरबी चोपडलेली. ती दातांनी फाडावी लागत असे, म्हणून तर धर्माचा प्रश्न आला. पितळी काडतूस फाडावं लागत नाही, ठासावंही लागत नाही. अख्खं उचलून आत घालायचं असतं.

आत घालायचं ते मागून. बंदूक मागच्या बाजूने भरता आली तर शिपाई आडवा पडूनही भरू शकेल, हे लोकांना शेकडो वर्षं माहीत होतं. अडत होतं दुसरीकडेच. नळीच्या मागे झाकण केलं की त्याच्या फटीतून जळत्या दारूचा वायू बाहेर फुटे, थेट शिपायाच्या तोंडावर. लोखंडाचं झाकण कितीही घासून बसवलं तरी फट राहतेच, आणि चार बार झाले की काजळीने ती वाढते.

पितळी नळीने हे कोडं कसं सोडवलं ते सावकाश पाहू, कारण सगळी मेख इथे आहे. दारू पेटली की वायूच्या दाबाने नळीची पातळ भिंत फुगते आणि बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते. त्या क्षणी मागे जायला वाट उरत नाही. गोळी पुढे सुटते, दाब उतरतो आणि पितळ स्वतःच्या लवचिकपणाने किंचित आकसतं. आकसलं की सैल होतं, सैल झालं की ओढून बाहेर काढता येतं. म्हणजे दर बाराला नवं कोरं झाकण मिळतं आणि वापरून झालं की टाकून देता येतं.

ब्रिटिश फौजेने १८६६ साली स्नायडर पद्धत घेतली. जुन्या एन्फिल्डचाच मागचा भाग कापून त्याला बिजागरीचं झाकण बसवलं. मिनिटाला तीन बार होते ते दहाच्या आसपास गेले.

या बंदुकीची पहिली मोठी परीक्षा झाली ती मुंबईहून निघालेल्या मोहिमेत, आणि तीही कुठे, तर हबसाणात. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे, म्हणून त्यांच्या या मुलखालाही आपल्याकडे हबसाण म्हणत. पण ही मोहीम खऱ्या हबसाणातली. तिथला सम्राट थिओडोर याने युरोपी कारागिरांकडून एक प्रचंड उखळी तोफ ओतून घेतली होती. तिचं नाव सेबास्तोपोल. डोंगरांतून माणसांच्या बळावर ती त्याने मग्दालाच्या गडाकडे ओढत नेली. मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर हजारो सैनिक, हत्ती आणि खेचरं घेऊन त्याच्यावर चालून गेला. १० एप्रिल १८६८ रोजी आरोगे इथे गाठ पडली. गोऱ्या पलटणीच्या हाती स्नायडर होत्या, हिंदी शिपायांच्या हाती अजून ठासणीच्याच. सम्राटाची सुमारे ७०० माणसं त्या एका संध्याकाळी मेली. नेपियरच्या बाजूचे दोघे जखमांनी गेले.

सेबास्तोपोल तोफ आजही मग्दालाच्या डोंगरावर पडून आहे. जंजिऱ्यावर कलाल बांगडी पाहताना मला तिची आठवण होते. दोघींना माणसांनी नावं दिली, कारण दोघी एकेकट्याच होत्या. काडतुसाला नाव द्यायचं कुणाला सुचणारही नाही. त्याची ताकदच मुळी लाखो सारख्यांपैकी एक असण्यात आहे.

स्नायडरची सुरुवातीची बॉक्सर काडतुसं अजून एकसंध नळीची नव्हती. कर्नल बॉक्सरने पातळ पितळी पत्रा गुंडाळून नळी केली होती आणि बुडाला लोखंडी चकती बसवली होती. पुढे १८७१ साली मार्टिनी-हेन्री बंदूक आली, तिचं काडतूसही आधी गुंडाळीचंच होतं. नळी तापली की पत्रा आत चिकटे, आणि ओढताना बूड हातात येऊन बाकीची नळी आतच राही. १८८५ च्या सुदानच्या लढायांत ऐन हातघाईत बंदुका अशा अडकल्या आणि माणसं मेली. तेव्हा ठरलं की नळी एकाच तुकड्यातून ओढून काढायची. ती कशी काढतात ते आता पायरीपायरीने बघू.

पहिली गोष्ट धातू. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. जस्त फार वाढलं तर पितळ ठिसूळ होतं, फार कमी झालं तर लागणारा ताठपणा येत नाही. लाटून केलेल्या पट्टीतून रुपयापेक्षा थोड्या मोठ्या चकत्या कापतात. पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असली की बिघाड इथूनच सुरू होतो, कारण तिरकी चकती पुढे तिरकीच नळी देते.

मग चकतीची वाटी करतात. एका पोलादी कड्यावर चकती ठेवायची आणि वरून गोल दांडा दाबायचा. कडेचा धातू वर वळतो आणि छोटी, जाड बुडाची वाटी तयार होते. अक्षता ठेवायच्या वाटीसारखी.

आता ओढकाम. ती वाटी आणखी अरुंद कड्यातून, आणखी बारीक दांड्याने दाबून पार करतात. बूड तसंच जाड राहतं, भिंत पातळ होत लांबते. मग त्याहून अरुंद कडं, मग त्याहूनही. एका फटक्यात हे जमत नाही. घाई केली तर दांडा बुडातून आरपार जातो आणि हातात नुसती बांगडी उरते.

घाई का चालत नाही, हे घरीच करून पाहता येईल. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची जाड तार घ्या आणि एकाच जागी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पहिल्यांदा ती लोण्यासारखी वाकते, तिसऱ्या-चौथ्यांदा हट्ट करू लागते, आणि शेवटी तुटते. धातूला मार बसला की तो कडक होतो, आणि कडक झालेला धातू पुढचा मार सोसत नाही.

यावरचा उपाय आपल्या तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हंडा ठोकताना पत्रा हातोडीखाली कडक लागू लागला की तांबट थांबतात, भट्टीत तो मंद लाल होईपर्यंत तापवतात आणि मगच पुढे ठोकतात. कारखान्यातही नेमकं तेच करतात. दर एक-दोन ओढींनंतर वाट्या साधारण ६०० अंश सेल्सिअसला तापवतात. धातूचे आतले कण नव्याने बसतात आणि पितळ पुन्हा नरम होतं. तापल्यावर चढलेला काळेपणा आम्लात धुऊन काढतात, जसा आपण चिंचेने किंवा आमसुलाने घासून काढतो.

इथेही एक गैरसमज दूर करायला हवा. कोयतीचं पातं तापवून पाण्यात घातलं की ते कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. पितळेचं तसं नाही. तापवलेलं पितळ पाण्यात बुडवलं तरी नरमच राहतं. ज्याने फक्त लोखंडाचं काम पाहिलंय तो इथे हटकून चुकतो.

नळी पुरेशी लांबली की तिच्या बुडाला जबर ठोसा देऊन ते सपाट करतात, कड उमटवतात आणि मधोमध टोपीसाठी खळगा पाडतात. या ठोशाने बूड कडक होतं, आणि ते मुद्दाम तसंच ठेवतात, कारण सगळ्यात जास्त दाब तिथेच सोसायचा असतो. उलट तोंड नरम हवं, कारण पुढे तेच आवळून बारीक करायचं असतं. म्हणजे एकाच बोटभर नळीत बुडाशी एक स्वभाव, तोंडाशी दुसरा, आणि मधे हळूहळू बदलत गेलेला तिसरा. मला सगळ्या प्रक्रियेतलं हे काम सर्वांत नाजूक वाटतं.

तोंड आवळून गळा काढला आणि लांबी कापून सारखी केली की नळी झाली. या शेवटच्या आवळण्यात गळ्याशी धातू पुन्हा थोडा ताणला जातो. हा ताण लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

टोपी वेगळी बनते, आणि ती भरायचं काम कारखान्यातलं सर्वांत धोक्याचं. तिच्यात त्या काळी पाऱ्यापासून केलेलं फल्मिनेट घालत. ते साध्या ठोक्याने पेटतं, म्हणूनच उपयोगी आणि म्हणूनच भयंकर. एका वेळी अगदी थोडाच माल जवळ ठेवायचा आणि हे काम बाकी इमारतींपासून दूर करायचं, हाच त्यातला पहिला नियम.

मग भरणी. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू असे. वर ३१ ग्रॅमची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जड गोळी, शिशात थोडं कथील मिसळून कडक केलेली. गोळी बसवून गळा पुन्हा तिच्यावर आवळला की काडतूस पूर्ण. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि मागून दुसरा बार झाला तर बंदूकच फुटते. म्हणून दर काडतूस तोलून पाहावं लागतं.

तोलणं आणि मापणं हे काम दिसायला साधं, पण युद्ध बदललं ते इथे. तपासणाऱ्याच्या हाती पोलादाची दोन भोकं असलेली पट्टी असे. एका भोकातून काडतूस गेलंच पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. दोन्ही भोकांतला फरक डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक. या पट्टीला गेज म्हणतात. ती असल्यामुळे खडकीचं काडतूस क्वेट्ट्यात किंवा एडनमध्ये कुठल्याही त्याच जातीच्या बंदुकीत बसे, आणि ते बनवणाऱ्या माणसाने ती बंदूक कधी पाहिलेलीही नसे. कलाल बांगडीसारख्या तोफेचा गोळा तिच्याच तोंडाच्या मापाने घडवावा लागे.

एवढी चोख मापं घेणारं सरकार माणसांच्या बाबतीत मात्र दोन मापं वापरत होतं. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची असं धोरण होतं. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला मुंबई फौजेच्या पहिल्या ग्रेनेडियर आणि तिसाव्या पलटणीचे शिपाई स्नायडर घेऊन लढले, शेजारच्या गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. त्या दिवशी दोघांचाही दारुण पराभव झाला. आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी झाली, युरोपियनांना मात्र सूट. हे लिहिताना आजही मनाला लागतं.

आता त्या गळ्याच्या ताणाकडे परत येऊ.

कारखान्यातून काडतूस निघालं, गेजमधून पार झालं, पेटीत बंद झालं. पावसाळ्यात फौज मोहिमेवर जात नसे, तेव्हा दारूगोळा कोरड्या जागी हलवत. अशी एक सोयीची जागा म्हणजे घोड्यांच्या पागा. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या तर कित्येक काडतुसांच्या गळ्याला उभ्या चिरा. कुणी हात लावलेला नाही, कुठे पडलेली नाहीत, गंजलेलीही दिसत नाहीत, तरी चिरलेली. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत हे वारंवार झालं. पावसाळ्याच्या मोसमात चिरतात म्हणून इंग्रजीत त्याला नावच पडलं, सीझन क्रॅकिंग. मोसमी चीर म्हणू या.

अनेक वर्षं दोष पितळेला दिला गेला. खरं कारण १९२१ साली इंग्लंडातल्या तीन धातुतज्ज्ञांनी उलगडून दाखवलं. पागेत घोड्यांच्या मुतापासून अमोनिया हा वायू सुटतो, गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तोच. पावसाळी दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि धातूच्या कणांमधल्या सांध्यांत शिरतो. पितळ निवांत असेल तर फारसं काही होत नाही. पण ते आतून ताणलेलं असेल, आवळलेल्या गळ्यासारखं, तर सांधा जरा उसवताच ताण त्याला ओढून चीर पाडतो. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, अमोनिया, ओल आणि ताण. एक काढली तरी चीर थांबते.

हिंदुस्थानातला पावसाळा थांबवता येत नाही, आणि फौजेजवळचे घोडेही. म्हणून ताण काढायचा ठरला. नळी तयार झाल्यावर, दारू भरण्याआधी, ती पुन्हा थोडी तापवायची. ६०० अंशांपर्यंत नेली तर बुडाचा सगळा कडकपणा जाईल, म्हणून बेताने, साधारण २५० ते ३०० अंश. एवढ्या उष्णतेने कडकपणा राहतो पण आतली ओढ सैल पडते. गळा मात्र वेगळा जास्त तापवला तरी चालतो. जुन्या लष्करी काडतुसांच्या गळ्याला जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याची खूण. पुष्कळांना तो डाग वाटतो आणि ते घासून काढायला जातात.

कल्हईवाले भांडं तापवतात तेही याच्या जवळपास जातं, कारण कथील २३२ अंशांना वितळतं. घरात जुनी पितळी समई किंवा कळशी असेल तर उन्हात धरून तिची कड निरखून पाहा. आडव्या केसासारख्या बारीक चिरा काठाशी दिसल्या तर त्या पडल्याने झालेल्या असतीलच असं नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या भांड्याला त्या विशेष दिसतात. चीर पडल्यावर तापवून ती मिटत नाही, तांबटांकडून डाग देऊन घ्यावा लागतो.

शुद्ध तांब्याला हा रोग सहसा होत नाही, जस्त मिसळलं की होतो. आमच्या दिवेआगरात शके ९८२ मधला, म्हणजे १०६० सालचा मराठी ताम्रपट मिळाला. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना सुवर्णगणेशाची तांब्याची पेटी निघाली. इतक्या पावसाळ्यांत, खाऱ्या ओल्या मातीत तांबं टिकलं.

वाडी खणताना, जुनं घर उतरवताना किंवा वाळूत कधी एखादं जुनं काडतूस हाती आलंच, तर बुडाकडे पाहा. मधल्या टोपीवर खोलगट ठसा असेल आणि पुढे गोळी नसेल, तर ते उडालेलं, रिकामं आहे. ठसा नसेल किंवा गोळी तशीच असेल, तर ते भरलेलं समजा. शंभर वर्षं झाली म्हणून टोपी मेली असं धरू नका. आमसुलाने घासू नका, ठोकू नका, खिशात घालून आणू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, मुलांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.